'धक्कादायक खुलासा' आणि इंग्रजीतले आश्चर्याचे शब्द

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

इंग्रजी वृत्तसंस्थांच्या बातम्या मराठीत आणताना आश्चर्याचे आणि उलगड्याचे इंग्रजी शब्द ज्या घाईने उरकले जातात, त्याबद्दल हे पत्र आहे. इंग्रजीत या अनुभवांसाठी डझनावारी शब्द आहेत आणि प्रत्येकाचे काम वेगळे आहे. मराठी मजकुरात मात्र त्यांची बोळवण 'धक्कादायक', 'खुलासा' आणि 'सरप्राइज' एवढ्या तीन शब्दांत होते. यात भाषेचे सौंदर्य वगैरे जाते हा भाग आहेच. पण त्याहून मोठे नुकसान असे की बातमीचा अर्थ बदलतो, कधी कधी उलटा होतो. इंग्रजी-मराठी भाषांतर शिकवताना हेच शब्द वारंवार चुकतात, आणि ते का चुकतात हे ठरावीक कारणांनी समजावून सांगता येते. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

सुरुवात 'खुलासा'पासून करू, कारण तिथे सर्वांत मोठा घोटाळा आहे. हा शब्द मुळात अरबी, अर्थ सार किंवा गोषवारा. मराठीत तो रुळला तो स्पष्टीकरण या अर्थाने. कारणे दाखवा नोटिशीत 'सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा' असे लिहिलेले असते, तेव्हा कोणी रहस्य फोडावे अशी अपेक्षा नसते. झाल्या प्रकाराची कारणे द्यावीत एवढीच असते. हिंदी वृत्तवाहिन्यांत 'खुलासा' म्हणजे दडलेली गोष्ट उघड करणे. इंग्रजी 'रेव्हलेशन' आणि 'डिस्क्लोजर' हिंदीतून वळसा घेऊन मराठीत आले ते हाच शब्द घेऊन. आता 'मुख्याधिकाऱ्यांचा खुलासा' असा मथळा वाचला तर वाचकाने काय समजावे? अधिकाऱ्यांनी आरोप खोडून काढले, की त्यांनी स्वतःच काही गैरप्रकार बाहेर काढला? हे दोन अर्थ एकमेकांच्या विरुद्ध टोकांना आहेत. मराठी वर्तमानपत्राने 'खुलासा' हा शब्द स्पष्टीकरणासाठीच राखून ठेवावा, दुसऱ्या अर्थाने तो एकदाही छापू नये, असे आमचे ठाम मत आहे.

मग 'रिव्हील'साठी काय वापरायचे? इथे शब्दकोश उघडण्याआधी तीन गोष्टी तपासाव्या लागतात. कोणी काही मुद्दाम लपवले होते का? कळणे कोणत्या वेगाने झाले, झटक्यात, हळूहळू की उशिरा? आणि शेवटी हाती काय आले, नुसता हादरा की नवी माहिती? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की मराठी शब्द बहुतेक वेळा आपोआप ठरतो.

पहिला प्रश्न उघड करण्याच्या शब्दांसाठी महत्त्वाचा. 'रिव्हील'मध्ये लॅटिन 'व्हेलम' आहे, म्हणजे पडदा. पडदा मागे सारणे हा मूळ अर्थ. 'डिस्कव्हर' म्हणजे झाकण काढणे. 'डिटेक्ट'मध्ये 'टेगेरे' म्हणजे आच्छादणे हे क्रियापद आहे, म्हणजे पुन्हा आच्छादन दूर करणेच. 'अपॉकलिप्स' हा ग्रीक शब्दही आवरण काढण्याचाच. नव्या करारातल्या शेवटच्या पुस्तकाचे ग्रीक नाव तेच, इंग्रजी नाव 'रेव्हलेशन' आणि मराठी बायबलातले नाव 'प्रकटीकरण'. त्या पुस्तकात जगाच्या अंताची दृश्ये असल्यामुळे 'अपॉकलिप्स'ला महाविनाशाचा अर्थ चिकटला, 'रेव्हलेशन' मात्र उलगड्यापाशीच थांबला. एका पुस्तकाच्या दोन नावांच्या अशा दोन वाटा झाल्या.

महत्त्वाचे हे की या लॅटिन पडद्यामागे गुन्हाच असतो असे नाही. मराठीतल्या 'पर्दाफाश'मध्येही पडदाच आहे, पण आपला पडदा नेहमी लबाडीवरचा. 'बिंग फुटणे', 'पितळ उघडे पडणे', 'भांडाफोड' यांतही कोणाची तरी लबाडी गृहीत धरलेली असते. म्हणून 'स्टडी रिव्हील्स' या शब्दांनी सुरू होणाऱ्या बातमीला 'संशोधनातून धक्कादायक खुलासा' किंवा 'पर्दाफाश' म्हणणे चूक आहे. संशोधनाचा विषय असलेल्या पेशींनी किंवा पावसाने काहीही दडवलेले नसते. तिथे 'दिसून आले', 'आढळले' किंवा आकडेमोडीनंतरचा निष्कर्ष असेल तर 'निष्पन्न झाले' हेच बरोबर. चोरी, अपहार, भेसळ असेल तर 'उघडकीस आले'. जुना शिलालेख किंवा हस्तलिखित मिळाले तर 'उजेडात आले'. तपासणी अधिकाऱ्याला दिसले तर 'निदर्शनास आले'. माहीत असलेली आणि इतकी वर्षे न सांगितलेली गोष्ट एखाद्या व्यक्तीने जाहीरपणे सांगितली, तर आणि तरच 'गौप्यस्फोट'. या शब्दाला गुपित लागते, ते जाणणारा माणूस लागतो आणि ऐकणारे चार लोक लागतात. यांतले एक जरी नसले तरी स्फोट होत नाही. अभिनेत्रीने मुलाखतीत आपला आवडता पदार्थ सांगितला, तर इंग्रजीत तेही 'रिव्हील्ड' असते. मराठीत ते फक्त 'सांगितले'.

'डिस्क्लोज' हे क्रियापद अर्थ पानावर वेगळे वागते. कंपनीने शेअर बाजाराला कायद्याने द्यावी लागणारी माहिती दिली की इंग्रजीत 'डिस्क्लोजर' म्हणतात. त्यात गौप्य काहीच नाही, उलट ते न करणे हा गुन्हा. 'कंपनीने माहिती जाहीर केली' एवढे पुरे. 'अनव्हेल'चेही तसेच. शब्दशः तो आपला 'अनावरण', आणि पुतळ्यासाठी, कोनशिलेसाठी, तैलचित्रासाठी तो चपखल आहे. पण इंग्रजीत मोटारगाडी आणि अर्थसंकल्पही 'अनव्हेल' होतात. मराठीत गाडी 'सादर' होते, अर्थसंकल्प 'मांडला' जातो. 'डायव्हल्ज'ला मात्र गुपित लागतेच आणि तो बहुधा नकारात येतो: सूत्रांनी नाव सांगण्यास नकार दिला.

क्रीडा पानासाठी एक सूचना. 'द यंग स्पिनर वॉज अ रेव्हलेशन' या वाक्याचा उघड करण्याशी संबंध फक्त एवढाच की त्याच्यात एवढी गुणवत्ता आहे हे आधी कोणाला ठाऊक नव्हते. ही स्तुती आहे. 'तरुण फिरकीपटू रिव्हिलेशन ठरला' हे मराठी नाही आणि 'तरुण फिरकीपटूचा खुलासा' हे तर भलतेच. 'तरुण फिरकीपटूने सर्वांनाच चकित केले' किंवा 'अपेक्षेच्या कितीतरी पुढे खेळला' असे लिहावे.

आता नुसत्या आश्चर्याचे शब्द. यांत कोणी काही लपवलेले नसते, घटना अंगावर येते. 'सरप्राइज' हा जुन्या फ्रेंचमधून आलेला शब्द, अर्थ वरून झडप घालून पकडणे. इंग्रजीतले त्याचे सुरुवातीचे आयुष्य लष्करी होते: बेसावध शत्रूवर घातलेला छापा. युद्धशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांत युद्धाच्या मूलतत्त्वांमध्ये 'सरप्राइज' आजही मोजले जाते. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालात शाहिस्तेखानावर जे झाले, ते या जुन्या अर्थाने नेमके 'सरप्राइज'. म्हणून संरक्षणविषयक लेखात 'अचीव्ह्ड सरप्राइज' आले की 'आश्चर्य साधले' असे लिहू नये. 'शत्रूला बेसावध गाठले' असे सरळ लिहावे. 'सरप्राइज इन्स्पेक्शन' म्हणजे 'अचानक तपासणी'. वाढदिवसाच्या 'सरप्राइज'ला मात्र आम्ही हरकत घेणार नाही. घराघरांत तो शब्द आता मराठीच झाला आहे.

'सरप्राइज'च्या वरच्या पायऱ्यांवर मराठीत शब्दांची वाण नाही, वाण आहे ती निवडण्याच्या सवयीची. 'स्टार्टल' हे शरीराचे आहे, क्षणभराचे: दचकणे. 'टेकन अबॅक' हा शिडाच्या जहाजांवरून आलेला वाक्प्रचार. वारा अचानक फिरून समोरून येतो, शिडे उलटी डोलकाठीवर दाबली जातात आणि जहाज जागच्या जागी अडते. बोलता बोलता माणूस असा अडतो तेव्हा मराठीत तो 'चपापतो'. इतका जुळणारा शब्द असताना तिथे 'धक्का बसला' का लिहावे? 'अमेझ्ड' म्हणजे थक्क. 'अस्टॉनिश' आणि 'स्टन' यांच्या मुळाशी लॅटिन 'टोनारे' आहे, म्हणजे गडगडणे. वीज कडाडल्यावर माणूस जसा जागीच थिजतो तसे. 'अस्टॉनिश्ड'साठी स्तिमित किंवा चकित, 'स्टन्ड'साठी बातमी वाईट असेल तर सुन्न. 'डम्फाउंडेड'मध्ये वाचा जाते, म्हणून अवाक. 'फ्लॅबरगास्टेड' हा १७७२ साली लंडनमध्ये नव्या फॅशनचा शब्द म्हणून नोंदला गेला. त्याच्या आवाजातच गंमत आहे, म्हणून त्याला 'चाट पडणे' किंवा 'तोंडात बोट घालणे' शोभते, स्तंभित शोभत नाही. 'शॉक' मात्र खरोखर धक्का आहे, आणि बहुतेक वेळा वाईट बातमीचा किंवा नीतिमत्तेला बसलेला. 'धक्कादायक' हा शब्द तेवढ्यासाठी शिल्लक ठेवला तरच त्यात दम राहील. दर तिसऱ्या मथळ्यात तो आला की खऱ्या अपघाताच्या बातमीला वापरायला काही उरत नाही.

'सुखद धक्का' आणि 'आश्चर्याचा धक्का' मराठीत रुळले आहेत, त्यांना विरोध नाही. पण त्यांचे उलट भाषांतर करताना विद्यार्थी 'प्लेझंट शॉक' लिहितात. इंग्रजीत ते 'प्लेझंट सरप्राइज' असते. 'शॉक' सुखद झाला तर इंग्रजी वाचक अडखळतो.

'बोल्ट फ्रॉम द ब्लू'ची अडचण वेगळी आहे. निरभ्र आकाशातून कोसळलेली वीज ही प्रतिमा इंग्रजीत थॉमस कार्लाइलने फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या १८३७ सालच्या ग्रंथात वापरली आहे. मराठीत वीज कोसळते तेव्हा ती दुःखाची असते, 'वज्राघात' तर शोकाचाच शब्द. इंग्रजी वाक्प्रचाराचा जोर दुःखावर नाही, पूर्वसूचना नसण्यावर आहे. राजीनामा, बदली, अचानक आलेले बोलावणे, काहीही त्यात बसते. 'मंत्र्यांच्या राजीनाम्याने पक्षावर वज्राघात' असे लिहिले की मंत्री गेलेच की काय असे वाटते. 'ध्यानीमनी नसताना' हा आपला वाक्प्रचार इथे नेमका बसतो. 'बॉम्बशेल'लाही 'बाँब टाकला' असे मराठी रूप मिळाले आहे. राजकीय बातमीत ते चालते, पण ज्या गावात त्याच दिवशी खरा स्फोट झाला असेल तिथल्या बातमीच्या शेजारी ते छापू नये, एवढे पान लावणाऱ्याने पाहावे. 'आय-ओपनर' म्हणजे डोळे उघडणे, तिथे फारसे काही चुकत नाही. 'वेक-अप कॉल'ला सर्रास 'धोक्याची घंटा' म्हणतात. धोक्याची घंटा संकट येण्याआधी वाजते; 'वेक-अप कॉल' बहुधा काहीतरी घडून गेल्यावरचा असतो आणि त्याने झोपलेल्याने जागे व्हावे अशी अपेक्षा असते. 'झोप उडवणारी घटना' हे जवळचे.

दुसरा प्रश्न वेगाचा. इंग्रजीत कळण्याच्या क्रियेला वेग असतो आणि तो क्रियापदातच असतो. 'इट स्ट्रक मी' म्हणजे झटक्यात. 'इट डॉन्ड ऑन मी' म्हणजे उजाडावे तसे, हळूहळू. 'इट अकर्ड टु मी' म्हणजे सुचले. या तिन्हींना 'लक्षात आले' लिहिता येते, पण 'डॉन्ड'ला 'अचानक लक्षात आले' असे लिहिणे सरळ चूक, आणि ती चूक नामवंत अनुवादांतही सापडते. तिथे 'हळूहळू उमगत गेले' हवे. 'द पेनी ड्रॉप्ड' हा नाणे टाकून चालवायच्या यंत्रांच्या काळातला वाक्प्रचार. नाणे आत अडकते, मग कधीतरी खाली पडते आणि यंत्र सुरू होते. बोली मराठीत याला 'ट्यूब पेटली' म्हणतात, आणि स्टार्टरवर चालणारी नळी लुकलुकून उशिरा पेटते हे ज्याने पाहिले आहे त्याला दोन्ही वाक्प्रचारांतला उशीर सारखाच दिसेल. अग्रलेखात ते बसणार नाही. तिथे 'उशिरा का होईना, लक्षात आले' चालेल. आणि 'रिअलाइज्ड टू लेट'साठी मराठीत 'कळून चुकले' आहे, ज्यात आता इलाज नाही हेही येते. इंग्रजीला तीन शब्द लागतात तिथे आपल्याला दोन पुरतात.

तिसरा प्रश्न, शेवटी हाती काय आले याचा. त्यासाठी आधी 'एपिफनी'कडे येऊ. अलीकडे ललित लेखांत आणि पुस्तक परीक्षणांत हा शब्द फार दिसतो. ग्रीक 'एपिफानिया' म्हणजे प्रकट होणे. ख्रिस्ती परंपरेत ६ जानेवारीचा सण: पूर्वेकडच्या ज्ञानी पुरुषांना बाळ येशूचे दर्शन झाले तो दिवस. गोव्यात रेइश मागुश, चांदर आणि कासावली इथे त्या दिवशी तीन राजांचे फेस्त असते, राजवेशातले मुलगे घोड्यावरून येतात. रेइश मागुश या गावाच्या नावाचा अर्थच ते ज्ञानी राजे. म्हणजे मराठी-कोकणी मुलखाला हा अनुभव परका नाही, फक्त त्याचे इंग्रजी नाव नवे आहे. साहित्यात हा शब्द आणला आयरिश कादंबरीकार जेम्स जॉइसने. त्याच्या लेखी एखादे क्षुल्लक बोलणे, एखादा हावभाव, रस्त्यावरची एखादी वस्तू यांतून अचानक आतले सत्य प्रकट होणे म्हणजे 'एपिफनी'. यातले तीन घटक लक्षात ठेवावेत: निमित्त क्षुल्लक हवे, कळणे एकाएकी हवे, आणि कळल्यानंतर जुन्या नजरेने पाहता येऊ नये. मोठ्या अपघातानंतर माणूस बदलला, तर ती जॉइसची 'एपिफनी' नव्हे. दीर्घ अभ्यासाने मत बदलले, तर तीही नव्हे.

मराठीत याला 'साक्षात्कार' हा शब्द अर्थाने सर्वांत जवळचा: डोळ्यांपुढे प्रत्यक्ष उभे राहणे. अध्यात्मावरच्या किंवा कवितेवरच्या लेखनात तो निःशंक वापरावा. पण राजकीय मजकुरात तो वापरण्याआधी थांबा. 'निवडणुकीच्या तोंडावर त्यांना शेतकऱ्यांचा साक्षात्कार झाला' हे वाक्य मराठीत टोमणा म्हणूनच वाचले जाते. मूळ इंग्रजी लेखकाने एखाद्या नेत्याच्या मतबदलाबद्दल मनापासून 'एपिफनी' लिहिले असेल आणि अनुवादात 'साक्षात्कार' आला, तर लेखकाच्या तोंडी नसलेला टोमणा आपण घातला असे होते. तिथे 'एकाएकी उमज पडली' बरे. 'दृष्टांत' हाही पर्याय सुचवला जातो. तो स्वप्नातल्या दैवी आदेशासाठी ठेवावा, शिवाय त्याचा दाखला किंवा उदाहरण हा दुसरा अर्थ आडवा येतोच. 'प्रचिती' आणि 'प्रत्यय' यांत आधी ऐकलेल्या गोष्टीचा स्वतःला अनुभव येतो, म्हणजे ते नवे कळणे नसून खात्री पटणे आहे.

बायबलमध्ये दमास्कसच्या वाटेवर शौलाला (म्हणजे पुढच्या संत पौलाला) झालेल्या येशूच्या दर्शनावरून 'डमॅसीन कन्व्हर्जन' आला. हा मात्र मोठा, आयुष्य उलटवणारा बदल: ख्रिस्ती लोकांचा छळ करणाराच ख्रिस्ताचा अनुयायी झाला. त्याच प्रसंगातून 'द स्केल्स फेल फ्रॉम हिज आइज' हा वाक्प्रचार निघाला. इथले 'स्केल्स' म्हणजे तराजू नव्हे, खवले किंवा खपल्या. 'डोळ्यांवरची झापड गेली' असे भाषांतर करावे.

नाट्यसमीक्षेतला 'अनॅग्नोरिसिस' हा अ‍ॅरिस्टॉटलचा शब्द आपल्याकडे परिचित असायला हवा, कारण त्याला तयार संस्कृत जोड आहे: अभिज्ञान. अज्ञानातून ज्ञानाकडे होणारा बदल, विशेषतः माणसाची ओळख पटणे. कोळ्याला माशाच्या पोटात अंगठी मिळते आणि दुष्यंताला शकुंतला आठवते, ते अभिज्ञानच. गंमत अशी की खुणेच्या वस्तूवरून पटलेली ओळख अ‍ॅरिस्टॉटलने कलेच्या दृष्टीने सर्वांत खालच्या पायरीवर ठेवली आहे, आणि 'अभिज्ञानशाकुंतल' या आपल्या सर्वांत गाजलेल्या नाटकाच्या नावातच ती खूण आहे. परीक्षणांत 'अनॅग्नोरिसिस' लिहून कंसात स्पष्टीकरण देण्यापेक्षा 'ओळख पटण्याचा क्षण' लिहिले तर चार वाचक जास्त मिळतील. 'डेनूमाँ' म्हणजे फ्रेंचमध्ये गाठ सोडवणे. आपला 'उकल' हुबेहूब तोच. 'क्लायमॅक्स' आणि 'डेनूमाँ' एकच समजून दोघांनाही 'उत्कर्षबिंदू' म्हणू नये. गाठ सर्वांत घट्ट होते तो पहिला, ती सुटते ते दुसरे.

'सेरेंडिपिटी' या शब्दावर थोडा जास्त वेळ घालवायला हवा, कारण तो सर्वांत जास्त चुकतो. हा शब्द कधी, कोणी आणि का घडवला हे नेमके माहीत आहे, असे भाग्य फार थोड्या शब्दांना लाभते. होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने २८ जानेवारी १७५४ रोजी फ्लॉरेन्समधल्या ब्रिटिश राजदूत होरेस मान याला लिहिलेल्या पत्रात तो पहिल्यांदा आला. सेरेंडिपच्या तीन राजपुत्रांच्या कथेवरून त्याने तो बनवला. सेरेंडिप म्हणजे श्रीलंका; अरबी-फारसी 'सरनदीब', आणि त्यामागे आपला सिंहलद्वीप असल्याचे मानले जाते. ही कथा इटालियन भाषेत व्हेनिसमध्ये १५५७ साली छापली गेली होती. तिच्यात राजपुत्र न पाहिलेल्या उंटाचे वर्णन करतात. वाटेच्या एकाच बाजूचे गवत खाल्लेले, म्हणजे उंट एका डोळ्याने आंधळा. चघळलेल्या गवताच्या गोळ्यांवरून कळते की एक दात पडलेला. एका बाजूला मुंग्या आणि दुसऱ्या बाजूला माश्या, म्हणजे एकीकडे लोणी आणि दुसरीकडे मध लादलेला. वॉलपोलला उंटाऐवजी खेचर आठवले, पण मुद्दा त्याने अचूक मांडला: शोधत नसलेल्या गोष्टी अपघाताने आणि चाणाक्षपणाने सापडणे.

म्हणजे व्याख्येत तीन भाग आहेत. शोध दुसऱ्याच कशाचा तरी चाललेला असावा, किंवा कशाचाच नसावा. अपघात घडावा. आणि त्या अपघाताचे मोल ओळखणारी नजर असावी. मराठीत याला सरसकट 'योगायोग' म्हणतात, त्यात फक्त अपघात येतो. संस्कृतातला 'काकतालीय न्याय', म्हणजे कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ, यातही नजर नाही. 'घुणाक्षर न्याय' तर उलट टोकाचा: लाकूड पोखरताना किड्याकडून अक्षर उमटते, पण किड्याला ते वाचता येत नाही. 'सेरेंडिपिटी'त किड्याला अक्षर वाचता यायलाच हवे. 'घबाड' किंवा 'लॉटरी लागली' यांत लाभ आहे, बुद्धी नाही.

१९२८ च्या सप्टेंबरात अलेक्झांडर फ्लेमिंग सुटीहून लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत परतला, तेव्हा जिवाणू वाढवायच्या एका बशीत बुरशी आलेली होती. बुरशी येणे हा अपघात, आणि तो कोणत्याही प्रयोगशाळेत होतो. अशा बश्या धुवायला टाकतात. बुरशीभोवतीच्या कड्यात जिवाणू विरघळले आहेत हे त्याला दिसले आणि ते महत्त्वाचे वाटले, हा चाणाक्षपणा. पेनिसिलिनच्या कथेला 'सेरेंडिपिटी' म्हणतात ते या दोन्हींमुळे. पुढे ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि चेन यांनी त्या बुरशीतून औषध वेगळे काढले, ते मात्र हेतुपूर्वक, नेटाने केलेले काम. त्याला हा शब्द लावू नये. आठवडी बाजारात जुना मित्र भेटला हीदेखील 'सेरेंडिपिटी' नव्हे, निव्वळ योगायोग. विज्ञानविषयक लेखात सुटसुटीत एक शब्द हवाच असेल तर देवनागरीत 'सेरेंडिपिटी' छापावे आणि पहिल्या उल्लेखाला 'नजर असलेल्याला अवचित लाभलेला शोध' अशी फोड द्यावी. ओढूनताणून नवा संस्कृत शब्द घडवण्याची गरज नाही.

'युरेका' याच्या उलट आहे. आर्किमिडीज उत्तर शोधतच होता. राजाच्या मुकुटात चांदीची भेसळ आहे का, हा प्रश्न त्याच्या डोक्यात होता. ग्रीकमध्ये त्या शब्दाचा अर्थ 'मला सापडले'. ही कथा त्याच्या स्वतःच्या उपलब्ध लेखनात नाही, ती सांगितली रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियसने, कित्येक पिढ्यांनंतर. तेव्हा शोधता शोधता सापडले तर 'युरेका', न शोधता सापडले तर 'सेरेंडिपिटी'. बातमीत दोन्ही शब्द एकाच शोधाला लावलेले दिसले की लिहिणाऱ्याने तो शोध नीट वाचलेला नाही असे समजावे.

'देजा वू'बद्दल एकच. एमिल बोआराक या फ्रेंच लेखकाने १८७६ साली हा शब्दप्रयोग वापरला. पूर्वी कधीच न पाहिलेले पाहिल्यासारखे वाटणे हा त्याचा अर्थ. गेल्या वर्षी तुंबलेल्या रस्त्यावर यंदाही पाणी साचले, तर तो भास नाही, ती वस्तुस्थिती आहे. तिथे 'पुन्हा तेच' पुरे.

आपल्या पुरवणीतल्या इंग्रजी शिकवणाऱ्या सदरासाठी व्याकरणाचा एक मुद्दा. मराठी मुले 'आय अ‍ॅम सरप्रायझिंग' किंवा 'इट वॉज अ सरप्राइज्ड न्यूज' असे लिहितात, त्यामागे निष्काळजीपणा नसून मराठीची वाक्यरचना आहे. 'मला आश्चर्य वाटले' यात कर्ता आश्चर्य आहे आणि अनुभवणारा 'ला' लावून बाजूला बसला आहे. इंग्रजीत अनुभवणारा कर्त्याच्या खुर्चीत येतो आणि त्याच्या विशेषणाला 'एड' लागतो. ज्याच्यामुळे आश्चर्य वाटले त्याला 'इंग'. शिकवताना आधी वाक्यात 'मला', 'तिला', 'त्यांना' कोण आहे ते शोधायला सांगावे, त्याला 'एड' द्यावा. हा नियम 'शॉक्ड', 'अमेझ्ड', 'अस्टॉनिश्ड' सर्वांना चालतो. 'न्यूज'च्या आधी 'अ' येत नाही, हे त्याच वाक्यात सुधारून घ्यावे. पुढचे अव्यय 'अ‍ॅट' किंवा 'बाय', 'फ्रॉम' नाही. आणि 'व्हेरी सरप्राइज्ड' चालते, पण 'व्हेरी अस्टॉनिश्ड' कानाला खटकते, तिथे 'अ‍ॅब्सोल्यूटली' लावतात. कारण मराठीतूनच सांगता येते: 'फार आश्चर्य वाटले' म्हणतो, पण 'फार अवाक झालो' म्हणत नाही, 'अगदी अवाक झालो' म्हणतो. टोकाच्या शब्दाला मोजमाप लागत नाही.

सदरात उच्चार देवनागरीत छापता, तेव्हा तेही तपासून घ्यावेत. क्रियापद 'रिव्हील' असले तरी नाम 'रिव्हिलेशन' नाही, 'रेव्हलेशन', आणि आघात 'ले'वर. 'एपिफनी'त आघात 'पि'वर असल्याने पहिला स्वर आखूड होऊन उच्चार 'इपिफनी'च्या जवळ जातो. 'सेरेंडिपिटी'त आघात 'डि'वर. 'बॉम्बशेल'मधला दुसरा 'ब' उच्चारात नाही, 'बॉमशेल'. ब्रिटिश उच्चारात 'सरप्राइज'मधला पहिला 'र' ऐकू येत नाही, त्यामुळे ऐकून लिहिणारी मुले स्पेलिंगमधूनही तो गाळतात. त्या शब्दात 'आर' हे अक्षर दोनदा येते, हे सदरात एकदा ठळक छापावे.

कळावे,
इंग्रजी-मराठी भाषांतराचे काही अध्यापक, पुणे